दोन ठिकाणी झोपलेली नात

त्या दिवशी माझी पाच वर्षांची नात एकाच वेळी दोन ठिकाणी होती. एक अमरावतीतल्या माझ्या घरी, माझ्या मांडीवर, एकशे दोन ताप घेऊन. आणि दुसरी दोन गल्ल्या पलीकडे, शाळा सुटल्यावर ती जिथे थांबते त्या पाळणाघरात, गाढ झोपलेली. ही दुसरी मला मोबाइलवर कळली. दुपारी चार वाजता सूर्यफुलाच्या चित्रासकट संदेश आला: 'आज आपल्या लाडकीने पूर्ण डबा खाल्ला. दोन तास छान झोपली. मूड आनंदी.'

मी कपाळावरची ओली पट्टी बदलता बदलता इतकी हसले की पोरगी दचकली.

"काय झालं आजी?"

"तू तिकडे झोपून आहेस म्हणे."

तिने जरा विचार केला. "मंग मी उठली का?"

तेवढ्यात लेकीचा फोन. ती अकोल्याला बँकेत आहे, सकाळच्या गाडीने जाते, साडेसातला घरी येते. तोच संदेश तिलाही गेला होता.

"आई! तापात पाठवलं तू तिले? सकाळी तं सांगून आली होती घरी ठेव म्हणून!"

"घरीच आहे. मांडीवर."

"मंग हे काय आलं?"

"तेच पाहून राहिली मी बी."

खोटी नोंद ओळखायला मला चष्मा लागत नाही. मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. साहेब गाडीत बसायच्या आधी त्यांच्या दौऱ्याचा अहवाल मी स्वतः टाइप केलेला आहे, 'ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले' या ओळीसह. पण ते ग्रामस्थ मोठे होते, त्यांना तोंड होतं. इथे पाच वर्षांची पोरगी होती.

ताप उतरल्यावर मी नातीला विचारलं, "तिथे खरंच झोपतेस तू?"

"नाही. डोये मिटून राह्यते."

"किती वेळ?"

"लय वेळ. उघडले तं ताई म्हणते, मिट वो बाई, बाकीचे उठतीन."

"आणि डबा?"

"उरला तं पिशवीत टाकते. घरी येता येता तू भाजी घेतेस ना, तवा गाईले देते."

म्हणजे गेले कित्येक महिने माझ्या थालीपिठांवर आमच्या गल्लीतली गाय पोसली जात होती आणि आम्हाला सूर्यफुलं येत होती.

लेक मात्र घाबरली. "आई, भांडू नको. साडेसहापर्यंत लेकरं ठेवनारं आपल्याकडे तेवढंच एक आहे. त्यायनं नाव काढलं तं मले नोकरी सोडा लागन."

"मी कुठे भांडते?" मी म्हणाले. पण ती मला ओळखते.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली आणि दुपारी तीनला, न कळवता, पाळणाघरात शिरले. एका लांब खोलीत सतरंजीवर तेवीस लेकरं ओळीने आडवी. पंख्याचा आवाज. निम्म्यांच्या पापण्या थरथरत होत्या. नाटकात मेलेला नट खाज सुटल्यावर जसा दिसतो तशी. आणि या तेविसांना ताई एकच. तिच्या मांडीवर एक रडकं पोर, एका हाताने दुसऱ्याला थोपटणं चाललेलं.

"ताई, संदेश केव्हा लिहिता?" मी हळूच विचारलं.

ती दचकली नाही. थकलेल्या माणसाला दचकायलाही त्राण लागतं. "सकाळीच लिहून ठेवतो जी. लेकरं आल्यावर हात कुठं रिकामा राह्यते? चार वाजले का यादीतल्या सगळ्यायले एकदम धाडतो."

"आणि कोनी डोळे उघडले तं?"

"मंग ते पाह्यनार कोन? एकाले पाह्यतो तं दोघं रडाले लागतात."

तेवढ्यात मालकीण मॅडम आल्या. ऐकलं, आणि चटकन निकाल दिला. "सॉरी हं. ताईंना आजच काढते."

ताईच्या हातातलं थोपटणं थांबलं. मला वाटलं होतं मी नातीसाठी आले आहे. आता या बाईच्या पोटापाण्याची काळजीही माझ्या गळ्यात पडली.

"ताईले काढून काय होईल?" मी म्हणाले. "उद्या दुसरी ताई येईल, तिलेही दोनच हात राहतील. दुसरं माणूस ठेवा. आणि ज्याले झोप येत नाही त्याले खेळू द्या."

"नियम सगळ्यांना सारखे असतात. जमत नसेल तर दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे नाही पाहत. इथेच पाहते." आणि मी बसले. जवळ लहान मुलांची प्लास्टिकची खुर्ची होती. ती मला पुरली नाही, पण मी तिला पुरून उरले. साडेपाचला उठले तेव्हा खुर्चीही माझ्यासोबत उठली, आणि दुपारभर झोपेचं सोंग घेतलेली सगळी पोरं एका दमात हसली. ताईसुद्धा.

मग मी दारात उभी राहिले. तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत मी दोनदा दासी झाले आहे. मोठं भाषण मला कधी मिळालं नव्हतं. ते मी आता घेतलं. येईल त्या आईबापाला खणखणीत आवाजात त्यांच्या लेकराची दुपार सांगितली. "तुमच्या पोरानं भेंडी चड्डीच्या खिशात ठेवली आहे, धुण्याआधी पाहा! तुमची पोरगी दीड तास जागी होती, एक शब्द बोलली नाही! तेवीस लेकरं, ताई एक!"

पहिल्यांदा लोक हसले. मग एकेक जण दारातून आत डोकावू लागला. जुळ्या मुलींचा बाप, शिवणकामाचं दुकान असलेला, हातातलं हेल्मेट तसंच धरून उभा राहिला. "एकच बाई? सच्ची?"

"मोजून घ्या, भाऊ."

त्याने मोजलं. "काकू, कल मैं बी बैठता."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या नातीचं नाव मी काढते आहे."

लेकीचा चेहरा दिसला. पण आवाज खाली आणला नाही. "काढा. लेकरू मांडीवर घेऊन मी इथेच बसेन. रजा शिल्लक आहेत माझ्या."

मंगळवारी तो बाप आला, मशीन बंद ठेवून. बुधवारी आणखी तीन जण. त्या खुर्च्यांवर आम्ही बसलो की खोली अगदी भरून जायची. शुक्रवारी जवळच्या भातकुली गावाहून येणारी एक दुसरी बाई कामाला लागली. नातीचं नाव यादीत राहिलं आणि ताईही राहिली. लेकीने मला आठ दिवस चहा स्वतः करून दिला, पण 'तू बरोबर होतीस' असं अजून म्हटलेलं नाही.

आता झोपणारी आत झोपतात. न झोपणारी नऊ-दहा व्हरांड्यात असतात. माझी नात त्यांची पुढारी. परवा मॅडमचा फोन आला, आवाजात तक्रार.

"अहो, शेजारचे डॉक्टर म्हणतात, दुपारी फार गोंगाट होतो. तुमच्या नातीला जरा समजावा ना."

"डॉक्टरांना सांगा," मी म्हणाले, "लेकरं जागी आहेत म्हणून."