रुमालाबाहेरचा हात

याकूबचा डावा हात आज शाबूत घरी येईल का, हा विचार सकाळपासून हलिमाबीला भुंग्यासारखा पोखरत होता. उजव्याची आशा तिने केव्हाच सोडली होती. त्या हाताची बोटं बाभळीच्या मुळ्यांसारखी वाकडी झाली होती. डाव्या हाताने खाणं मना, म्हणून घास उचलताना तिचा लेक दर वेळी हळूच तौबा म्हणे.

याकूब शेलूबाजारच्या गुरांच्या बाजारातला दलाल. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी एका रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायची आणि सौदा ठरवायचा. बाकीच्यांना दिसे ती फक्त रुमालाची हालचाल. याकूबच्या बोटांना जीभ आहे, असं लोक म्हणत.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात त्याने तांड्यावरच्या सोमलाला एक पांढरा, उंच शिंगांचा बैल लावून दिला. बैल मारका होता आणि याकूबला ते ठाऊक होतं. हलिमाबीचा सख्खा भाऊ कासम, तोही दलालच. त्याने बैलाला गुळातून भांग चारली होती. सोमलाने शिंगांवरून हात फिरवला, तरी बैल पेंगुळल्या डोळ्यांनी रवंथ करत राहिला.

"गाय हाये गाय," कासम हसला. "लेकरू पोटाखालून गेलं तरी हालत नाई."

भांग उतरली तेव्हा सोमला वैरण टाकत होता. बैलाने त्याला गाडीच्या चाकावर दाबलं आणि शिंग पोटात घालून वर फाडत नेलं. त्याची बायको हिरीबाई कुऱ्हाड घेऊन धावली आणि बैलाच्या मानेवर घाव घालत सुटली. बैल कोसळला तोवर सोमला गेलेला होता. दोघांचं रक्त एकाच गव्हाणीत साचलं होतं.

पुढच्या बाजारी तांड्याची माणसं आली. हलिमाबी कोपऱ्यावर बांगड्या विकत बसली होती. ओरडा ऐकून ती धावली, तेव्हा याकूब मातीत पडला होता आणि त्याचा उजवा हात दावणीच्या दगडावर धरलेला होता.

"हाच ना रे रुमालाखालचा हात?" सोमलाचा भाऊ गुलाबसिंग म्हणाला, आणि त्याने दुसरा दगड उचलला.

हाडं मोडल्याचा आवाज तिने ऐकला. याकूबची किंकाळी त्याच्या नंतर आली.

"पोलिसात दे त्यायची नावं," कासम रोज येऊन सांगे. याकूब भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदा त्याला पेज भरवताना हलिमाबीला तिच्या अब्बांनी सांगितलेली गोष्ट आठवली.

"पैगंबरसाहेब बाजारातून चालले होते," ती म्हणाली. "धान्याचा ढीग दिसला. वरून कोरडा खडखडीत. त्यायनं आत हात घातला त बोटं ओली झाली. म्हणे, ओलं वर काहून नाई ठेवलं, लोकायले दिसलं असतं? जो फसवते, तो आमच्यातला नाई."

याकूबने डाव्या हाताने पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "अम्मा, अल्ला माफ करीन?"

"त्याच्यासंग केलेले गुन्हे तो माफ करीन, बाबू. माणसासंग केलेला गुन्हा त्या माणसालेच माफ करा लागते."

हात गळ्यात बांधून तो तांड्यावर गेला. हिरीबाईने सगळं ऐकून घेतलं, आणि हातातल्या विळ्याची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात मातीत पडला.

"माह्यापाशी माफी नाई," ती म्हणाली. "मले सांगतलं ते भर बाजारात सांग. मंग पाहू."

त्याने सांगितलं. ज्या दगडावर हात ठेचला होता, त्याच दगडावर उभा राहून. "बैल मारका होता. मले माहीत होतं. भांग चारली होती." कासमचं नाव मात्र त्याने घेतलं नाही, ज्याचा गुन्हा त्याने बोलावा, म्हणाला. मग खांद्यावरचा रुमाल काढून शेणात टाकला.

त्या दिवसापासून तो उघड्या हाताने आणि मोठ्या आवाजात सौदा करू लागला. "याच्या मांगं उभे राहू नका, लाथ मारते. याचे दात कानशीनं घासले हायेत, दात पाहून वय धरू नका." आपल्याच बैलाची खोट ऐकून एका मालकाने त्याच्या थोबाडीत दिली. कितीतरी बाजार तो रिकाम्या हाताने परतला. पण लोक लांब उभे राहून ऐकू लागले होते. एके दिवशी गुलाबसिंगच समोर येऊन ठाकला.

"बोल, याच्यात काय खोट हाये?"

"उन्हात जुंपला त खाली बसते."

"तुले सोयरिकीले नेऊ नये बा," गुलाबसिंग म्हणाला. "नवरदेवाचीबी खोट सांगशीन." लोक हसले. गुलाबसिंगने बैल घेतला.

इतर दलालांचे रुमाल ओस पडू लागले. मग एका दुपारी गुरांच्या रांगेत कोणीतरी मागून याकूबच्या डोक्यावर रुमाल टाकून गाठ आवळली, आणि काठ्या पडू लागल्या. बरगड्या मोडल्या. रुमाल रक्ताने तोंडाला चिकटला. त्याला कोणी दिसलं नाही. हलिमाबीला दिसलं. गाठ आवळणारा कासम होता.

मंगरूळच्या ठाण्यातून जमादार चौकशीला आला. तिने खाली मान घातली. "धूळ होती, साहेब. चेहरे नाई दिसले." पाठचा भाऊ होता. तिने त्याला कडेवर खेळवलं होतं.

आज बाजाराचा दिवस. सकाळीच कासम दारात येऊन उभा राहिला, दात कोरत. "आपा, भाच्याले सांग, आज रुमाल घेऊन ये. नाई त डावाबी जाईन. अन् मंग आमी हातावर थांबणार नाई."

तो गेल्यावर तिने याकूबची वाट अडवली. "आज नोको जाऊ."

"हिरीबाई येऊन राह्यली, अम्मा. बैल घ्याले. माह्या शब्दावर." त्याने चपला घातल्या. उंबऱ्यावर थांबला. "अम्मा, त्या दिवशी खरंच धूळ होती?"

"होती."

बैलाचं वय चोरणाऱ्या मालकाकडे पाहावं, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो निघून गेला.

हलिमाबीने बांगड्यांची टोपली उचलली आणि बाजाराची वाट धरली. कोपऱ्यावर पोचल्यावर मात्र तिचे पाय थांबले नाहीत. ती तशीच पुढे, कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत गेली. गावात फोन तेवढाच. कारकून मारोतराव विडी शिलगावत होता.

"चाची, इथं कोणाले बांगड्या भरता?"

"फोन लावून द्या, भाऊ. मंगरूळच्या ठाण्याले."

मारोतरावची विडी खाली आली. "काय झालं?"

बाजाराकडून आरडाओरडा ऐकू आला. तो बैलांवरचा होता की माणसांवरचा, तिला कळेना. तिने टोपली जमिनीवर ठेवली आणि हात पुढे केला.

"लवकर लावा. धूळ नव्हती म्हणून सांगाचं हाये. गाठ मारणारा माहा भाऊ होता."