खारी टाकी, गोडी टाकी

चंपतराव बर्फ बनवायचे, पण तोवर जन्मात कधी त्यांनी बर्फ तोंडात घातला नव्हता. लकडगंजातल्या त्या कारखान्यात कुणीच घालत नसे. भर मे महिन्यात, बाहेर डांबर पाघळत असताना, आतली माणसं स्टोव्हवरचा उकळता चहा फुंकर मारून प्यायची. कुणी नवखा "वा, काय थंडी खाता राव तुम्ही!" म्हणाला की चंपतराव त्याच्याकडे दमल्या डोळ्यांनी बघायचे. "हाडात शिरला तोच निंघत नाही बावा," म्हणायचे, "अजून पोटात कायले घालू?"

त्यांचं वाक्य पुष्कळदा 'हंऽऽ'नं सुरू व्हायचं. हौदातून भरला साचा साखळीनं वर ओढताना माणसाच्या छातीतून जो आवाज निघतो ना, अगदी तोच. इतकी वर्षं ओढून ओढून तो घशातच राहून गेला होता. "जेवता का?" म्हटलं तरी आधी 'हंऽऽ', मग "जेवतो."

काम सांगायला सोपं. पत्र्याचे उभे साचे पाण्यानं भरायचे आणि मिठाच्या पाण्याच्या हौदात उभे करायचे. त्या हौदात थंडगार अमोनियाचे नळ फिरलेले. खारं पाणी गोठत नाही, पण साच्यातल्या साध्या पाण्याचा दगड होतो. ही खारी टाकी. मग साचा वर ओढायचा, शेजारच्या साध्या पाण्याच्या टाकीत बुचकळायचा, की कडा सुटून लादी सळकन बाहेर. ही गोडी टाकी. लाद्या काढता काढता गोडी टाकी इतकी गार पडायची की लादी सुटेना. मग ते पाणी मोरीत सोडून द्यायचं आणि नवं भरायचं. कारखाना सुरू झाल्यापासून हेच.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र पाणी रुसलं. नळ करंगळीएवढा यायचा. विजेची कपात वेगळीच. मालक भैय्याजी धोतराचा सोगा धरून आत आले.

"देखो भाई, पानी नहीं, लाईट नहीं. मी काय पसीन्याचा बर्फ जमवू? सोमवारपासून ताला. बारिश के बाद देखेंगे."

"तोवर आमी काय करावं जी?" चंपतरावांनी विचारलं.

"आराम करो! तुम हमेशा थके थके दिखते हो."

हे भैय्याजी अगदी मनापासून बोलले. जोडीला साखळी ओढणारा बळीराम तरणा होता, त्याला सावनेरच्या खदानीत कुणीही घेतलं असतं. चंपतरावांच्या पाठीला कोण घेणार? पाऊस पडेपर्यंत घरी बसायचं म्हणजे बायकोनं, वच्छलाबाईनं, एकटीनं बिड्या वळायच्या आणि यांनी चुलीकडे बघत राहायचं.

भैय्याजींच्या खोलीत शिमल्याचं कॅलेंडर होतं. गोठलेल्या मैदानावर बायापुरुष पायाला पाती लावून गिरक्या घेताना.

"पाह्य गा चंपतभाऊ," बळीराम म्हणाला, "इथं रसवंतीले बर्फ पुरत नाही, अन् हे त्याच्यावर नाचून राहिले!"

"हंऽऽ. नाचू दे. त्यांले तो उचला नाही लागत."

पण गोड्या टाकीतलं पाणी मोरीत सोडायला जाताना चंपतराव थबकले. छपरावरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं. ते साच्यात भरायचं, मग ते गार करण्यातच मशीनचा निम्मा जीव जायचा. आणि हे आयतं गार पाणी आपण मोरीत सोडतो! त्यांनी भैय्याजींना तसं बोलून दाखवलं. "गोड्या टाकीतलंच साच्यात भरू. पाणीबी वाचते, मशीनबी लवकर सुटते."

"और चलेगा?"

"काहून नाही चालणार? पाणीच तं हाय."

चाललं. झकास चाललं. लादी निम्म्या वेळात जमू लागली, मोरी कोरडी पडली, सोमवार आला आणि गेला. भैय्याजी ज्याला त्याला सांगत सुटले, "अपना चंपत इंजिनियर हो गया!" चंपतरावांना त्या रात्री म्हणे चांगली झोप लागली.

पुढच्या आठवड्यात रसवंतीवाल्या कांताबाई फाटकातूनच ओरडत आल्या. मागे हातगाडीवर पोत्यात गुंडाळलेली अर्धी लादी.

"काय जी चंपतभाऊ! बर्फ बनवून राहिले का लोणचं?"

"काय झालं वं बाई?"

"काय झालं इचारता! गिऱ्हाईक रसाचा घोट घेते अन् माझ्याच पायाजवळ थुंकते. एक जण म्हणे, बाई, रसात मीठ टाकलं तं लिंबूबी टाका. मले वाटलं ऊस खराब. ऊस बदलला, चरकाची लाकडं धुतली, अन् निंघाला तुमचा बर्फ! हात लावून पाहा, भुसभुशीत. चाखून तं पाहा!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. चाखायचं कुणी? शेवटी चंपतरावांनीच डोळे मिटून एक तुकडा जिभेवर ठेवला. दातांतून कळ गेली, आणि मागून मीठ.

मग ते गोड्या टाकीपाशी गेले आणि बोट बुडवून चाखलं. तेही खारट. खाऱ्या टाकीतून निघालेला साचा अंगाला मीठ घेऊनच यायचा आणि या पाण्यात धुऊन निघायचा. आजवर ते मीठ मोरीत जात होतं. आता साच्यात जात होतं, दर खेपेला थोडं जास्त. एवढ्या लोकांच्या हाताखालून लादी गेली, पण एकानंही जीभ लावली नव्हती.

"पूरा बाजार थू थू करेगा," भैय्याजी मटकन बसले. "ताला लगाओ."

"दोन दिस द्या जी," चंपतराव म्हणाले.

गोडी टाकी एकदाच रिकामी करून घासली. मग दर साचा वर ओढला की तसाच खाऱ्या टाकीवर टांगता धरायचा, पाणी निथळू द्यायचं, ओल्या पोत्यानं चारी बाजूंनी आणि बुडाखालून पुसायचा, मगच गोड्या टाकीत सोडायचा. पोतं पिळायचं तेही खाऱ्या टाकीतच, मीठसुद्धा वाया नको. बळीराम साखळी धरायचा. पुसायचं काम चंपतरावांकडे, कारण बळीरामच्या हातून कोपरे राहायचे. हातांना भेगा होत्याच. त्यांत मीठ जाऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी कांताबाईंना बोलावलं. त्यांनी लादी टोचून एक मोठा तुकडा गालात धरला. सगळा कारखाना त्यांच्या गालाकडे बघत होता.

"कशाचीच चव लागत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हंजे चांगला हाय ना जी! गाडीवर चढवा."

भैय्याजी धोतराचा सोगा सोडून धावतच आले. पाठीवर थाप मारली, चहा मागवला, वर पेढा. "कमाल है! पाणी आधं, लाईट आधी, और मशीन दोपहर को ही फुरसत में बैठता है." मग घड्याळाकडे बघून डोळे चमकले. "चंपत! फुरसत है तो एक खेप और निकालते हैं ना! आजपासूनच!"

बळीरामनं तोंडात घातलेला पेढा तसाच राहिला. चंपतरावांनी कप खाली ठेवला आणि पोतं उचललं.

घरी पोचले तेव्हा वच्छलाबाई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी ताट वाढलं, नवऱ्याचे हात बघितले आणि तेल कोमट करायला ठेवलं.

"बंद तं नाही ना होत कारखाना?"

"नाही वं. आता तो बंदच होत नाही."

भाकरीचा तुकडा वरणात बुडवून त्यांनी उचलला खरा. तेल कोमट होईस्तोवर तो तुकडा हातातच होता आणि चंपतराव भिंतीला टेकून झोपी गेले होते. वच्छलाबाईंनी तुकडा सोडवून ताटात ठेवला आणि त्या झोपल्या हातांनाच तेल लावायला बसल्या.