काशाप्पानं उचललेला भंडारा

रोज सकाळी कामावर जाण्याआधी काशाप्पा मैदानावर जाऊन गोलाच्या जाळीच्या गाठी चाचपायचा. डोळे मिटून, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. आधी वरची ओळ, मग मधली, मग जमिनीलगतची. एखादी गाठ सैल लागली की कमरेला खोचलेली सुतळी काढून तिथंच आवळायचा. त्याचा बाप मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीवरून, वाघुरीवरून, असाच हात फिरवायचा. दिवस मावळायच्या आत सगळी जाळी चाचपून व्हायला हवी, कारण एक गाठ सुटली तरी लांडग्याला तेवढी वाट पुरते. मेंढ्या बापाबरोबर संपल्या. वाघूर विणणारा हात तेवढा उरला होता, आणि मुडबीच्या फुटबॉल क्लबच्या दोन्ही जाळ्या त्याच हातानं विणल्या होत्या. विकतची जाळी पाहिली की तो नाक मुरडायचा. "कोळ्यानं थुकल्यावाणी दिसती," म्हणायचा.

त्याच्या बायकोला, बाणूबाईला, या सवयीचा राग यायचा.

"माझ्या डोस्क्यावरनं असा हात कधी फिरवला न्हाई तुम्ही."

"तुझ्या डोस्क्यातनं बॉल निसटत न्हाई की," तो म्हणायचा आणि निघून जायचा.

मैदान दाळ मिलच्या मागं होतं. मिलचे जुने मालक, लिंगायत गुरुबसवप्पा, तुरीच्या व्यापारासाठी हैदराबादला जायचे. तिथं एकदा त्यांनी फुटबॉलचा सामना पाहिला, येताना चामड्याचा बॉल आणला आणि चार एकर रान पोरांना खेळायला मोकळं करून दिलं. खेळणारे बहुतेक धनगरांचे, म्हणून जर्सीला मैलारमल्लण्णाच्या, म्हणजे खंडोबाच्या, भंडाऱ्याचा पिवळा रंग. सामन्याला ढोल वाजायचा. अर्धं गाव मराठीत ओरडायचं, अर्धं कन्नडात, आणि रेफ्रीला शिव्या मात्र सगळे दखनीत द्यायचे.

गुरुबसवप्पांच्या मागं त्यांचा मुलगा मृत्युंजय मालक झाला. त्यानं हैदराबादचे पगारी खेळाडू आणले, खेळाडूंसाठी बस घेतली, मैदानाच्या दारावर स्वतःचा फोटो लावला. मग मिल आठवड्यातून दोन दिवस बंद राहू लागली. पगारी खेळाडू एकेक करून निघून गेले, बसही गेली. संघ सामन्याला कलबुर्गीला गेला तो तुरीच्या पोत्यांच्या टेम्पोतून. जर्सी धुवायचं काम बाणूबाईकडं होतं. तिला आधी पैसे मिळायचे बंद झाले, नंतर साबणही. तरी ती धूत राहिली, कारण काशाप्पा दर पंधरा दिवसांनी बोचकं पुढ्यात आणून ठेवायचा आणि बादली भरून द्यायचा.

डिसेंबरात दोन माणसं मोजणीचं यंत्र घेऊन मैदानात आली. आपण कशाला आलो हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण गावानं ओळखलं. पुढच्या रविवारी सामना सुरू झाला तेव्हा बघायला आलेली तीनशे माणसं मैदानाकडं पाठ करून उभी राहिली. गोल झाला तरी कुणी वळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसं मैदानातच येऊन बसू लागली. त्यांच्या पुढं तानाजी होता. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, आणि सामन्यात ढोल तोच वाजवायचा. "मालक विकायलाय," तो सांगायचा, "आपण उठलो की विकला म्हणून समजा." मोजणीवाले दोनदा आले आणि दोनदा परत गेले.

आठव्या दिवशी मालकानं काशाप्पाला बोलावून घेतलं. काशाप्पा बावीस वर्षं त्याच मिलमध्ये हमाल होता. तो परत आला तेव्हा बाणूबाई भाकरी थापत होती.

"काय म्हणाले?"

"बस म्हणाले."

"कुठं?"

"खुर्चीवर. गादीची हाय. माणूस बसला की हळूच खाली जाती, मग थांबती."

"अन् मैदानाचं?"

"चहा कपात दिले. बशीसकट."

"आवं, मैदानाचं इचारलासा का न्हाई?"

"इचारायचं काय त्यात? ते म्हणाले, काशाप्पा, मैदान कुठं जाणार हाय? लोकाला सांग." मग म्हणाला, "बावीस वर्षं पोत्यावर बसलो मी तिथं. खुर्ची देणारा माणूस खोटं बोलंल व्हय?"

त्या दिवशी बाणूबाई हसली. जेवताना त्यानं खुर्चीची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि झोपायच्या आधी आणखी एकदा.

रविवारी मालक मैदानात आला. पायातल्या चपला काढून मैदानाच्या मधल्या वर्तुळात उभा राहिला. तानाजीनं थेट सांगितलं, "तोंडी नको अण्णा. भंडारा उचला."

बेलाचं पान आणि मल्लण्णाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, तळहातावर घेऊन बोललेला शब्द धनगराच्या घरात परत घेता येत नाही. तो खोटा निघाला तर नुसता उचलणाऱ्याला नाही, त्याच्या घराला लागतो. मालकाला हे गावाइतकंच ठाऊक होतं.

"मी उचललो तर उद्या तुम्हीच म्हणणार, ह्याचा धर्म येगळा, ह्याला काय लागतंय," मालक म्हणाला. "तुमच्यातलाच माणूस उचलू दे. काशाप्पावर भरवसा हाय का न्हाई तुमचा?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. तानाजीनं विचार केला आणि त्याला ते पटलं. बाकीच्यांना आणखी पटलं, कारण त्यांच्यापैकी कुणालाच हात पुढं करावा लागणार नव्हता.

"काशाप्पानं उचलला तर आम्ही उठतो," तानाजी म्हणाला.

बाणूबाई कडेला उभी होती. शेजारी तिची मुलगी प्रतीक्षा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. बाणूबाईला वाटलं, हा आता मालकाकडं वळून निदान एकदा तरी विचारेल. काशाप्पानं विचारलं नाही. तीनशे माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि त्याची मान कधी नव्हे इतकी ताठ होती. घोंगडीवर भंडारा ठेवला होता. तो त्यानं मूठभर उचलला.

"मैदान जाणार न्हाई," तो म्हणाला. "गेलं तर मल्लण्णा माझं घर बघून घेईल."

प्रतीक्षानं पदर पोटावर ओढून घेतला.

माणसं उठली. त्या दिवसाचा सामना मुडबीनं दोन शून्यानं जिंकला.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी पिवळं जेसीबी मैदानाच्या दक्षिणेकडून आत शिरलं आणि प्लॉटचे दगड पडू लागले. तानाजीनं तालुक्याला जाऊन खरेदीखताची नक्कल आणली. काशाप्पा गादीच्या खुर्चीत बसला त्या दिवशी मैदान विकून चार दिवस झाले होते.

मालक हैदराबादला मुलीकडं निघून गेला होता. त्याच्या बंगल्यावर राखणदार होता, आणि गावातल्या निम्म्या घरांची मजुरी त्याच्या मिलमध्ये होती. त्यामुळं माणसं बंगल्याकडं गेली नाहीत. ती काशाप्पाच्या दारात आली.

कुणी हात उचलला नाही. उचलला असता तर बरं, असं बाणूबाईला नंतर पुष्कळदा वाटलं.

"मला ठाऊक न्हवतं," काशाप्पा म्हणाला.

"ठाऊक नसताना उचललात?" तानाजीनं विचारलं. "कामून उचललात, अप्पा? आम्ही मालकाचं ऐकून उठलो न्हाई. तुमचं ऐकून उठलो."

उत्तर बाणूबाईला माहीत होतं, पण खुर्चीची गोष्ट तिला चारचौघांत सांगवेना. मग सगळे गेल्यावर तिनंच तो घाव घातला.

"खुर्ची खाली जाती म्हणालात न्हवं? किती खाली जाती ते बघा आता."

त्यानं तोंड फिरवलं. त्यानंतर त्यानं खुर्चीचं नाव कधी काढलं नाही.

पुढच्या रविवारी देवळात तळी उचलायची होती. भंडारा, खोबरं आणि पानं ठेवलेलं ताट पाच जणांनी मिळून देवापुढं उचलायचं असतं. मुडबीत पाचवा हात काशाप्पाचा असायचा, आधी त्याच्या बापाचा होता. तो अंघोळ करून धुतलेला पटका बांधून गेला. चौघांनी त्याच्याकडं न बघता ताट उचललं. पाचवी जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. सगळ्यांना दिसावी म्हणून मोकळी ठेवली. काशाप्पा देवळाच्या पायरीवर शेवटचा 'येळकोट' होईपर्यंत हात जोडून उभा राहिला आणि घरी येऊन पटका सोडून खुंटीला लावला.

मग गाव वाट बघू लागलं.

नळावर, किराणाच्या दुकानात, रस्त्यात, जो भेटेल तो बाणूबाईला विचारायचा, "घरचे बरे हायीत न्हवं?" आणि ती "बरे हायीत" म्हणाली की पुढचा माणूस जरासा हिरमुसायचा. शेळीला हगवण लागली तर ती बघायला सातजण आले. शेळी बरी झाली. शेजारची लिंगम्मा प्रतीक्षाला न्याहाळून बघायची आणि म्हणायची, "पोरगी सुकली की गं." प्रतीक्षानं बाहेर पडणं सोडलं.

मार्चात प्रतीक्षाला मुलगी झाली. गोरी, केसाळ, घसा फाडून रडणारी. बाळाला घरी आणलं त्या दिवशी लिंगम्मा दारातूनच म्हणाली, "बोटं मोजलीस का, अक्का? हाताची अन् पायाची?"

बाणूबाईनं तिला हाकललं. मग आत जाऊन बाळाचं दुपटं सोडलं आणि बोटं मोजली. वीस होती. तिनं पुन्हा मोजली. ती मोजत असताना काशाप्पा उंबऱ्यात उभा होता. त्यानं ते पाहिलं, आणि बाळाला हात न लावता तो मागं सरकला. त्यानंतर तो नातीला कधीच मांडीवर घेईना. कुणी दिली तर म्हणायचा, "हात घाण हायीत माझे."

"अजून सव्वा महिना व्हायचाय," तानाजी दुकानात म्हणाला, असं बाणूबाईच्या कानावर आलं. तो काही दुष्टपणानं बोलला नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसा बोलला होता.

बाळ पंचवीस दिवसांचं झालं आणि त्याला ताप आला. साधा ताप, डॉक्टरच्या दोन थेंबांत उतरला. पण त्या दुपारी बाणूबाई एकटी देवळात गेली. कुणी नव्हतं. तिनं कपाळ दगडाला टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "घ्यायचंच असंल तर म्हाताऱ्याला घे. त्यानं उचललंय. पोरीला अन् लेकराला सोड."

ती घरी आली तेव्हा काशाप्पा अंगणात बसून सुतळी वळत होता.

मिलमध्ये आता त्याला काम नव्हतं, तरी रोज सकाळी तो मैदानावर जायचा. दक्षिणेचा गोल उपटून झाला होता. उत्तरेचा अजून उभा होता, समोर प्लॉटचे पांढरे दगड, आणि तो डोळे मिटून त्याच्या गाठी चाचपत चालायचा. तिथं कुणी खेळत नव्हतं. जर्सींचं बोचकं घरीच राहिलं होतं. तेही तो दर पंधरा दिवसांनी धुवायला काढायचा.

"आता कुणाला घालायच्यात?" ती विचारायची.

"धूळ खाती ना गं," तो म्हणायचा.

पुढं जे झालं ते तिला जेसीबीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तो बसवकल्याणकडचा पोरगा होता. त्या सकाळी उत्तरेचा गोल काढायचा होता. खांबाला साखळी लावली तेव्हा म्हातारा जाळी सोडत उभा होता. "दोन मिनिटं थांब, तीन गाठी राहिल्या," म्हणाला. पोरगा थांबला. मग काम घेतलेल्या गुत्तेदाराचा फोन आला. फोनवर शिव्या खाता खाता त्यानं दांडा ओढला. म्हातारा बाजूला झाला असेल असं त्याला वाटलं. जाळीचा सुटलेला भाग म्हाताऱ्यानं हाताला गुंडाळून घेतला होता. खांब पडला, त्याबरोबर जाळी ओढली गेली, आणि जाळीबरोबर तो. त्या तीन गाठींतली एकही तुटली नाही.

जाळी कापूनच त्याला बाहेर काढावं लागलं.

त्या दिवसापासून गाव बाणूबाईशी पुन्हा नीट बोलू लागलं. लिंगम्मानं तीन दिवस पिठलं-भाकरी आणली आणि बाळाच्या गालाला हात लावून म्हणाली, "आता काळजी न्हाई, अक्का." दारात येऊन बसणाऱ्यांसाठी मालकानं हैदराबादहून फोन करून मिलमधल्या वीस प्लास्टिकच्या खुर्च्या पाठवल्या. माणसं त्यांवर बसली. बाणूबाईनं एकेक खुर्ची बघितली. गादीची त्यांत नव्हती.

तेराव्याला तानाजी आला. त्याचे डोळे भरले होते, आणि तो मनापासून म्हणाला, "अप्पा खोटा न्हवता, अक्का. लागलं बघ. देवानं त्याचा शब्द धरला."

बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. बाणूबाई देवळात जाऊन काय म्हणाली होती ते कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनं सांगितलं नाही. तिनं फक्त विचारलं, दोरीवरच्या जर्स्या कुणी काढल्या. त्या कुणीच काढल्या नव्हत्या. तेरा दिवस त्या तिथंच होत्या, पांढुरक्या पडलेल्या.

उत्तरेचा गोल पडला त्या सकाळी तिनं त्या नुकत्याच वाळत घातल्या होत्या. कमरेला सुतळी खोचून काशाप्पा दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "वाळल्या की लगीच काढ गं. ऊन लई हाय, पिवळा उडून जातोय."