गिटारीचा लाल गोंडा

चहा पाजायचा आणि माणसाकडनंच त्याची फजिती वदवून घ्यायची, ही कुठली रीत? पण तुम्ही सोडणार न्हाय. ऐका मग, मधी हसू नका.

माझा जन्म चपला शिवण्यात गेला. नात पूजा गिटार शिकती, राजारामपुरीत. त्या संध्याकाळी तिचा पहिला कार्यक्रम. सकाळी म्हणाली, "आबा, नखं लागून गिटारीचं तोंड झिजलंय बघा. काहीतरी लावून द्या की. पण आवाज मरायला नको."

गिटारीच्या मधल्या भोकाखाली खरंच पॉलिश उडालतं. झिजतंय तिथं चामडं लावायचं, ह्यात इचारायचं काय? तरी शेजारच्या दस्तगीरला इचारलं. तो तबले-ढोलक्या मढवतो.

"दस्तगीर, चामड्यानं आवाज मरतो का रं?"

"मरतो? काका, चामडंच तर बोलतंय की."

आता सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

म्हशीचं चांगलं चामडं घेतलं. झिजलंय तेवढ्यालाच लावलं तर ठिगळ दिसंल, म्हणून सगळ्या तोंडावर चढवलं. तारांखालनं सरकवून सोल्युशननं चिकटवलं. मधलं भोक मोकळं ठेवलं, तेवढी अक्कल हाय मला. कडेनं वेणी, खाली लाल गोंडा. पायात घालावी अशी देखणी झालती गिटार.

पूजानं तार छेडली. ठप्प. परत छेडली. ठप्प. उशीवर बुक्की मारल्यागत.

पोरगी रडली न्हाय, तेच वाईट. एवढंच म्हणाली, "आबा, संध्याकाळी काय वाजवू?"

सोल्युशन ओलं होतं म्हणून वाचलो. दुपारभर नखानं हळूहळू सोलत बसलो. सगळं निघालं तसा पूजानं माझा हात धरून त्या उघड्या लाकडावर ठेवला आणि तार छेडली.

काय सांगू. ते लाकूड थरथरलं. पापडागत पातळ, पण थरथर पार खांद्यापतूर चढली. वासराच्या अंगावर हात ठेवल्यागत. मला वाटायचं, तार वाजती आणि लाकूड नुसतं तिला धरून बसतंय, चपलेच्या तळागत. आरं, बोलत होतं ते लाकूडच, आणि मी त्याच्या तोंडावर म्हैस बसवलती.

मग नखं लागत्यात तेवढ्याच जागी पारदर्शक प्लास्टिकचा पानाएवढा तुकडा बसवला. नुसत्या पाण्याच्या थेंबावर. वाजवून झालं की काढायचा.

संध्याकाळी पूजानं वाजवलं. मी शेवटच्या रांगेत, तरी छातीत थरथर येत होती. कधी पायातल्या चपला काढल्या, कळलं न्हाय. देवळात काढतो तशा.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरला धरला. तर म्हणतो, "काका, ताणलेलं चामडं बोलतंय. फळीला चिकटवलेलं कसं बोलंल? आणि गिटारीला लावणार, हे तुम्ही बोललाच न्हाय."

ते सोललेलं चामडं आता त्यानं दुकानात टांगलंय, गोंड्यासकट. गिऱ्हाईक आलं की सांगतो, "पावणं, ही गिटारीची डावी चप्पल. उजवी आमचं काका शिवत्यात."

मला बघून हसत्यात सगळी. माफी मागायची सोडून चहा मागवतो माझ्यासाठी, तो दस्तगीर.