एकमताने आवडलेली कादंबरी

"तुम्ही जरा चहाचं बघता का?" लेलेकाका म्हणाले. माझं बोलणं अजून संपलंही नव्हतं.

निशातगंजला त्यांच्या फ्लॅटवर आम्ही लखनऊतले मराठी वाचक महिन्यातून एका रविवारी जमतो. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची, मग मतं सांगायची. काका बँकेतून रिटायर झालेले. ग्रुप त्यांनीच सुरू केला. मी सरकारी ऑफिसात क्लार्क, मूळची वर्ध्याकडची. बौद्ध. आडनावावरून सगळ्यांनी ओळखलेलंच होतं.

नवरा गेल्यापासून घरात मराठी मी एकटीच बोलते. लेकीला कळतं सगळं, पण उत्तर हिंदीत. म्हणून मी तिथं जायची. दोन तास आपल्या भाषेत.

त्या महिन्याच्या कादंबरीत एक सुईण होती. आमच्यातली. मोठ्या घरची बाळंतपणं करते, ओसरीखाली उभी राहून जुनं लुगडं झेलते, डोळ्यांत कृतज्ञता. तीनशे पानांत एकदाही बोलत नाही. सगळे म्हणाले, काय सोशिक बाई रंगवलीय!

मी म्हणाले, "मला ती खोटी वाटली. माझी आजी सुईण होती. घरी येऊन रागानं थरथरायची. म्हणायची, लेकरू माह्या हातानं आलं, अन् माह्या मागं अंगण धुतलं. ही बाई कधी चिडतच नाही, म्हणजे लेखकानं..."

तिथंच काकांना चहा आठवला.

मी उठले. सांगायला लाज वाटते, पण उठले.

चौदा कप. किचनमध्ये सगळं ऐकू येत होतं. "यांना साहित्यातही तक्रारच दिसते," कोणीतरी म्हणालं. मग काकांचा आवाज. "अहो, कोट्यातून नोकरी मिळते. रसिकता थोडीच मिळते?"

हसले. सगळे.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. मी एकेकाला कप दिला. काकांनाही. "वा, आलं छान पडलंय," ते म्हणाले.

हजरतगंजहून मेट्रोत बसले. डबा भरलेला. काय झालं ते कोणाला सांगणार? आणि कोणत्या भाषेत?

दुसऱ्या दिवशी काकांनी ग्रुपवर वृत्तांत टाकला. 'कादंबरी सर्वांना एकमताने आवडली.' खाली आभार. चहासाठी माझं नाव.

लेकीनं तो वाचला. अडखळत, पण वाचला. ती सुईण मला खोटी वाटते, हे जायच्या आधीच मी तिला सांगितलं होतं.

"मम्मी, आपने तो कुछ और बोला था ना?"

"हो."

"और चाय आपने क्यों बनाई?"

आजीला पोट होतं, गाव होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. मला कोणी धरून उठवलं होतं?

मी ग्रुपवर लिहिलं. 'एकमताने नाही. मला ही कादंबरी आवडली नाही.' मग आजीचं सगळं लिहिलं. किचनमध्ये ऐकलेलं वाक्यही, जसंच्या तसं.

सगळ्यांनी वाचलं. कोणी काही लिहिलं नाही. एका बाईंचा फोन आला. हळू आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे हो तुमचं. पण ग्रुपवर कशाला?" मी विचारलं, "तुम्ही हसलात का तेव्हा?" त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी काकांचा फोन. "तो मेसेज डिलीट करा."

"नाही करणार."

"मग तुम्हालाच इथं अवघड जाईल."

"अवघड तर आहेच, काका. मला काढायचं तर तुम्ही काढा. मी आपणहून जाणार नाही."

अजून काढलेलं नाही. बोलतही कोणी नाही. पुढची कादंबरी मी वाचून काढली आहे, समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे. रविवारी जाणार. शेजारची खुर्ची रिकामी राहील, राहू दे. पहिलं मत माझं असेल. आणि वृत्तांतात ते आलं नाही, तर दर वेळी मी ते स्वतः लिहीन. माझ्या नावानिशी.