पोरांची पुस्तकं आणि आमची कमिटी

चार शहाणे आणि एक कपाट एका खोलीत ठेवा. वर्षभरात इतके किस्से साठतात की कपाट कमी पडतं! आमच्या अंधेरीच्या चाळीत तसंच झालं. सत्तर सालाच्या आसपास आम्ही बालवाडी काढली तेव्हा.

शिकवायला सुमतीबाई. रोज दुपारी त्या पोरांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवणार. पुस्तकं निवडायला कमिटी. सेक्रेटरी सावंत, मॅट्रिक पास. खजिनदार परब. आणि मी. माझं शिक्षण चौथी. मला घेतलं, कारण कपाट माझं होतं.

पहिल्याच मीटिंगला सावंतने बजावलं, "दिवाळीपर्यंत बघू. पोरं टिकली नाहीत तर वाचन बंद. खोलीत कॅरम लावू."

सुमतीबाईंचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं. पोरं टिकणार कशावर? पुस्तकांवर. आणि पुस्तकांवर शेवटचा शब्द कोणाचा? सावंतचा!

*

बाईंनी एक पुस्तक पसंत केलं. पानभर हत्ती, खाली दोन ओळी. सावंत भडकला.

"दोनच ओळी? बाकी नुसता हत्ती? दुकानदार लुटतोय आपल्याला!"

ते परत करून त्याने एक जाडजूड पुस्तक आणलं. चित्र एकही नाही. पानोपानी उपदेश. चार वर्षांच्या पोरांना!

बाईंनी बिचाऱ्यांनी वाचलं. संध्याकाळी सावंत खूश. "मी खिडकीतून बघितलं. पोरं कशी शांत बसली होती!"

बाई म्हणाल्या, "बसली नव्हती. झोपली होती."

*

परबची तऱ्हा वेगळी. एका पुस्तकात माकडं झाडावर खेळत होती. फार छान चित्रं. परबने ते बाजूला काढलं.

"उघडीनागडी आहेत. वर्गात मुली असतात."

मी म्हटलं, "अरे परबा, माकडं ती! शिंप्याकडे जातील काय?"

ऐकेल तर शपथ. पुस्तक घरी नेलं आणि एकेका माकडाला निळ्या शाईने चड्डी रंगवली. नवंकोरं पुस्तक! माझा असा संताप झाला, पण कमिटीत मतं दोन विरुद्ध एक.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलं. पुढच्या रांगेतला एक पोरगा चित्राला नाक लावून बघत राहिला आणि ओरडला, "बाई, चड्डीला शेपटीचं भोक कुठाय?"

परबने शेपटीचा विचारच केला नव्हता.

*

पार्ल्याच्या एक बाई होत्या. मोठा बंगला, मोठं मन. त्यांनी परदेशातली पुस्तकं भेट दिली. गुळगुळीत कागद, झकास रंग. स्वतः बघायला आल्या. सुमतीबाईंनी पहिलं पान उघडलं. सगळीकडे पांढरंशुभ्र, मध्ये एक लाल टोपीवाला मुलगा.

"हे काय आहे सांगा?"

"मीठ!" सगळी पोरं एका सुरात.

आमच्याकडे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली पोरं यायची. त्यातली चिमी हळूच म्हणाली, "एवरं मीठ सांडलंन? आयनं मारलं नाय त्याला?"

बंगलेवाल्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या मुलांना कल्पनाशक्तीच नाही हो!"

मी म्हटलं, "बर्फाचं मीठ केलं त्यांनी. आणखी किती हवी?"

बाई चहा न घेता गेल्या.

*

दिवाळी जवळ आली. सावंत तपासणीला वर्गात येऊन बसला. बाईंची पद्धत अशी, की पुस्तक पोरांकडे तोंड करून धरायचं. स्वतः बाजूने मान वाकडी करून बघायचं. ओळी दोन असल्या तरी गोष्ट दहा ओळींची व्हायची.

सावंत उठला. "हे वाचन? छापलंय एक, बाई सांगतात भलतंच! ही शुद्ध फसवणूक आहे. आजपासून बंद!" आणि त्याने कॅरमवाल्यांना हाक मारली. ते बोर्ड घेऊन दारात हजर! म्हणजे आधीच ठरलेलं!

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राहवेना.

"सावंत, तू मॅट्रिक. तूच वाच. पोरं उठून गेली तर कपाट मी स्वतः बाहेर काढतो."

सावंत ऐटीत बसला. पुस्तक स्वतःसमोर धरून सुरू झाला, "होडी समुद्रात गेली..."

"दाखवा! दाखवा!" पोरांनी गोंगाट केला. त्याने पुस्तक फिरवलं. आता अक्षरं त्याला दिसेनात. चित्रात टोपली घेऊन बसलेला एक माणूस. सावंत आठवून म्हणाला, "हा कोळी बाजारात मासे विकतो."

चिमी ताडकन उभी राहिली. "बाप्या नाय इकत! मावरं आय इकते!"

"पुस्तकात तसं छापलंय."

"मंग त्याची बायको कुठं गेली?"

सावंतने पुस्तकाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

"ती... ती बंदरावर उभी आहे."

"कशाला?"

"मुलाची होडी आली नाही अजून."

"कुठं हाय होडी?"

सावंतने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आवाज खाली आणला. "वादळात."

पोरं सरकत सरकत त्याच्या गुडघ्याला येऊन टेकली. परबसुद्धा खाली बसला.

दारातून कॅरमवाला म्हणाला, "सावंतकाका, बोर्ड कुठे ठेवू?"

सावंतने मानही वळवली नाही.

"गप रे! होडी लागू दे आधी!"