लॅब-४१ची पूजा

“धोटे, हे टक्के कावून वाढून राहिले?” देवतळे साहेबांनी विचारलं.

त्यांच्या हातात बुंदीचा लाडू होता आणि समोर त्यांचाच पीसी, झेंडूच्या हारासकट. पडद्यावर तेहतीस टक्के, चौतीस टक्के. मी माझा लाडू खाली ठेवला. ते टक्के दिसायला लागेपर्यंत आतलं जुनं सगळं पुसून झालेलं असतं.

मी धोटे, भिलाईतल्या एका खासगी ट्रेनिंग सेंटरचा सिस्टम अ‍ॅडमिन. देवतळे साहेब आमचे डायरेक्टर. पूजेच्या दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षेचं सेंटर मिळवण्यासाठी इन्स्पेक्शन होतं. चाळीस पीसी हवेत, सगळ्यांत नवीन विंडोज, सगळ्यांत परीक्षेचं सॉफ्टवेअर. लॅबमध्ये मोजून चाळीसच होते. सेंटर नाही मिळालं तर लॅब बंद आणि लॅब असिस्टंट वंदनाताईंची कायमची सुट्टी, हे साहेबांनी मीटिंगमध्ये चहा पिता पिता सांगितलं होतं. वंदनाताई रिसालीहून यायच्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

“सर, होईन ना जी?” त्या मला रोज विचारायच्या.

साहेबांची योजना तयार होती. एकेका पीसीसमोर स्टाफचा एकेक माणूस बसवायचा आणि त्यानं ‘नेक्स्ट’ दाबत राहायचं. “रिकामेच तं बसून राहिले सारे,” ते म्हणाले. अकाउंटंटपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची ड्यूटी लावायची त्यांची तयारी होती.

मी म्हटलं, अनअटेंडेड इन्स्टॉलेशन करू. म्हणजे असं. विंडोज टाकताना सेटअप प्रश्न विचारतो: भाषा कोणती, नाव काय, डिस्क पुसू का? या सगळ्यांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून सर्व्हरवर ठेवायची. पीसी चालू झाला की नेटवर्कवर हाक मारतो, “कोणी आहे का?” सर्व्हर ओ देतो, विंडोज आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर पाठवतो, पुढच्या नंबरचं नाव ठेवतो आणि मोकळा होतो. एकदा झालेल्या पीसीकडे तो पुन्हा बघत नाही. नवा दिसला की सोडत नाही.

“मंग लक्ष कोण ठेवते?”

“कोणीच नाही, साहेब.”

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. कोणावरच लक्ष ठेवायचं नसेल तर डायरेक्टरनं दिवसभर करायचं काय?

तरी काम झालं. लॅब-१ ते लॅब-४०, सगळे तयार. मी साहेबांना त्यांच्या पीसीचा बॅकअप घ्यायलाही सुचवलं होतं. ते म्हणाले, “माह्या पीसीले काय धाड भरली?” विषय संपला.

मग आली विश्वकर्मा पूजा. भिलाईत त्या दिवशी पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं आणि औजाराला कोणी हात लावत नाही. मी सकाळी सर्व्हर बंद करायला निघालो, तर साहेबांनी दारातच अडवलं.

“आज मशीनले हात लावाचा नाही!”

“बंद करायलाच लावतो, साहेब.”

“बंद कराले बी नाही. माहे बाबूजी रेल्वेत होते, या दिवशी पेचकसही उचलत नोते.”

मी हात जोडले आणि प्रसाद वाटायला गेलो. तेवढ्यात साहेबांना फोटोची आठवण झाली. फोटोत सगळे पडदे उजळलेले हवेत आणि मधोमध त्यांचा पीसी हवा. वडिलांचा नियम फोटोला लागू नसावा. केबिनमधून पीसी आणवला, लॅबची केबल स्वतःच्या हातानं खोचली, बटण दाबलं. त्यांचा पीसी लॅबच्याच लॉटमधला, चालू झाला की हाक मारणारा. केबिनमध्ये त्याच्या हाकेला कोणी ओ देत नव्हतं. इथे सर्व्हर वाटच बघत होता.

साहेबांची सगळी भाषणं आणि आजवरच्या पूजांचे सगळे फोटो गेले. मी समजावून सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. खरं सांगतो, आधी मला गुदगुल्या झाल्या. मग नोकरी आठवली.

“उद्याचं होऊन जाऊ दे,” ते म्हणाले, “मंग तुले पाहतो.”

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर यायच्या थोडं आधी वंदनाताई धावत आल्या. “सर, सतरा नंबर चालूच नाही होऊन राहिला!”

मी कॅबिनेट उघडलं. आत नारळाचं पाणी. साहेबांनी काल पूजेचा नारळ त्याच्यावरच फोडला होता. चाळीसचे एकोणचाळीस झाले. वंदनाताई टेबल धरून उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि मग माझी नजर हार घातलेल्या पीसीवर गेली. नवीन विंडोज, परीक्षेचं सॉफ्टवेअर, पडद्यावर नाव: लॅब-४१. मी हार काढला आणि तो सतराच्या जागी ठेवला.

इन्स्पेक्टरनं मोजले. “पूरे चालीस. ये इकतालीस नंबर क्यों?”

“स्पेअर था, सर,” साहेब म्हणाले. जराही अडखळले नाहीत.

सेंटर मिळालं. नंतरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी नवं भाषण केलं, जुनी तर उरलीच नव्हती. “सेंटरसाठी मी माहा सोताचा पीसी देऊन देला,” ते म्हणाले. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वंदनाताईंनी वाजवल्या. माझ्याही हातांनी वाजवल्या. मला पाहायचं मात्र साहेब विसरले.

अनअटेंडेड इन्स्टॉलेशनला माणूस लागत नाही, हे खरं आहे. फक्त लॅबला कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली डायरेक्टरकडे ठेवायची नसते.